तिखट आहे का?

आमच्या गॅलरीतल्या कुंडीत गेल्या वर्षी भूत जोलोकिया लागली. बी भाच्याने आसामहून आणलेलं. पाच महिने रोप नुसतं पानं हलवत उभं होतं, आणि मग एकदम सात मिरच्या! लाल, सुरकुतलेल्या, खाष्ट आत्याबाईंसारख्या. २००७ साली गिनेस बुकाने जगातली सर्वांत तिखट म्हणून नोंदवली ती हीच जात. दहा लाख स्कोव्हिलच्या वर. पुढे तो मान दुसऱ्या मिरच्यांनी पटकावला, पण घरच्या पोरीचं कौतुक कमी होतं थोडंच?

सौ.ने हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून, मूठभर शेंगदाण्यांत एकच मिरची घालून ठेचा केला. नेमके त्याच रात्री शेजारचे अण्णा जेवायला होते. अण्णा मूळचे कोल्हापूरकडचे, आणि ते कुणाला विसरू देत नाहीत. इतरांचा स्वयंपाक म्हणजे त्यांच्या लेखी पथ्याचं जेवण. ठेच्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "तिखट आहे का हो?"

मी म्हटलं, "तुमच्यासारख्यांना काय!"

आता यात खोटं काय, सांगा. दुसऱ्याच्या जिभेला काय लागेल ते आपण कसं सांगणार? १९१२ साली स्कोव्हिलसाहेबांनी तिखटाचं माप काढलं तेसुद्धा माणसांच्याच जिभेवर. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करत जायचा, की चाखणाऱ्याला तिखट लागेनासंच व्हावं. शिवाय मिरचीने खरं काही भाजत नाहीच. उष्णतेची वर्दी देणारी नस फसते आणि आग लागल्याची बोंब ठोकते. म्हणजे थापा मारण्यात मी एकटा नव्हतो.

अण्णांनी घास घेतला. क्षणभर काही नाही. हे भूत सावकाश येतं. मग कान लाल झाले, डोळ्यांना धार लागली. पाण्याचा एक तांब्या संपला, दुसरा संपला. ही आग पाण्याने विझत नाही, दही लागतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. दह्याचं भांडं मी पुढे सरकवलंही. पण दुसऱ्या तांब्यानंतर.

वाक्याचं मी कसंही समर्थन करीन. त्या दोन तांब्यांचं काय करू? एका अर्धसत्यापायी धर्मराजाचा अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला म्हणतात. माझा पाट आधीपासूनच जमिनीवर होता, एवढाच दिलासा.

दुसऱ्या दिवशी अण्णा रिकामी वाटी घेऊन दारात हजर.

"उरलाय का ठेचा? संध्याकाळी आमचे साडू यायचेत."

"त्यांना आधी सांगाल ना?"

"सांगायचं काय त्यात? तेही आमच्याकडचेच!"

मी ठेच्याबरोबर वाटीभर दहीही दिलं. दही तेवढं अण्णांनी परत केलं.