सांगितलें म्हणजे कळविलें काय?

खरें तें सांगितलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें पुष्कळ सज्जनांस वाटतें. आम्हांसहि वाटत असे. परंतु गेल्या वर्षीं एका रुग्णालयांत जो प्रकार आम्हीं पाहिला, त्यावरून ह्या समजुतीविषयीं आमच्या मनांत संशय उत्पन्न झाला आहे.

आमच्या ओळखीच्या एका वृद्ध शेतकऱ्यावर अंतर्गळाची शस्त्रक्रिया व्हावयाची होती. आदल्या रात्रीं परिचारिका लगबगीनें आली व "बाबा, उद्यां उपाशी राहा," असें सांगून पुढल्या खाटेकडे गेली. बाबा नम्रपणें "होय, बाई" म्हणाले. सकाळीं मुलीनें डब्यांतून साबुदाण्याची खिचडी आणिली, ती त्यांनीं निःशंकपणें खाल्ली. कारण गांवांत त्यांनीं जे उपास पाहिले होते, ते असेच! शस्त्रक्रिया पुढें ढकलावी लागली. परिचारिका रागावली, म्हातारा लज्जित झाला.

आतां दोष कोणाचा? तिचा शब्द खोटा नव्हता. ह्यांनीं आज्ञा मोडिली नव्हती. परंतु भूल दिली असतां पोटांतील अन्न वर येऊन फुप्फुसांत शिरूं शकतें व प्राणावर बेततें, हें कारण कोणींच सांगितलें नव्हतें. लेंकरास कारण न सांगतां आज्ञा करणें एक वेळ चालेल; ज्यानें जन्मभर घर व शेत चालविलें, त्याशीं तसें वागणें आम्हांस अपमान वाटतो. शिवाय गरीब मनुष्य रुग्णालयांत "होय" म्हणतो, तें समजल्याचेंच चिन्ह असतें असें नाहीं. पुष्कळदां तें भीतीचें असतें. (आमच्या उपदेशानंतर जे होकार येतात, तेहि कधीं कधीं ह्याच जातीचे, हें येथें कबूल केलेलें बरें.)

रोग्याशीं बोलतांना त्याच्या दृष्टीसमोर बसावें, पाठीमागून किंवा दारांतून बोलूं नये, त्याच्याविषयीं कुजबुजूं नये, असें फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं १८५९ सालच्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकांत बजाविलें आहे. एकीकडे पुष्कळ खाटा असल्या म्हणजे बसावयास वेळ कोठला, हें आम्ही जाणतों. तथापि अलीकडे परिचारिकांस असें शिकवितात कीं, "समजलें काय?" असें न विचारतां रोग्यास तें आपल्या शब्दांत परत सांगावयास लावावें. ह्यास फार वेळ लागत नाहीं.

दुसऱ्या खेपेस त्याच परिचारिकेनें तसें केलें. स्टूल ओढून ती समोर बसली, सर्व कारण सांगितलें, आणि म्हणाली, "बाबा, उद्यां सकाळीं काय काय खाणार, तें सांगा पाहूं."

बाबा हंसले. "खिचडी नाहीं, केळें नाहीं, चहाहि नाहीं. पोटांतलें नरड्यांत येईल ना, बाई!"