धूर कुणाच्या नावावर?

कल्याणहून मुरबाड, माळशेजकडे जाणारा रस्ता शहाड स्टेशनजवळ उड्डाणपुलावर चढतो आणि तिथेच अडतो. पूल अरुंद, रहदारी थेट अहिल्यानगर जिल्ह्यापर्यंतची. संध्याकाळी ट्रक, एसटी, रिक्षा आणि दुचाक्या एकमेकांचा धूर खात उभ्या असतात. या गर्दीत आता हिरव्या नंबरप्लेटच्या स्कूटरही दिसू लागल्या आहेत. त्यांना सायलेन्सर नाही; गाडी उभी असताना त्यांच्यात काही जळतही नाही. पैशाचा हिशेब तर शाळकरी पोरही करील. शंभर किलोमीटरला तीन-चार युनिट वीज, म्हणजे घरच्या मीटरवर तीस-चाळीस रुपये. पेट्रोलच्या स्कूटरला तेवढ्याच अंतराला दोन लिटरहून अधिक पेट्रोल लागते आणि लिटरचा भाव शंभरीपार गेलेला आहे.

दसऱ्याला या स्कूटरचीही पूजा होते. झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. पूजा करताना इंधन कोणते हे कुणी विचारत नाही. धर्मविचारात मात्र एक जुना प्रश्न आहे आणि तो इंधनाला नेमका लागू पडतो: जे कर्म माणूस स्वतः करत नाही, दुसऱ्याकडून करवून घेतो, त्याचा दोष कुणाच्या नावावर जमा होतो?

शहाडहून मुंबईच्या दिशेने दोन स्टेशने गेले की ठाकुर्ली लागते. या भागातल्या जुन्या रेल्वे कामगारांना ‘चोळा पॉवर हाऊस’ म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची रेल्वेगाडी धावली. पुढे कल्याणपलीकडच्या घाटांपर्यंत वीज न्यायची म्हणून जीआयपी रेल्वेने १९२९ साली ठाकुर्लीला स्वतःचे वीजघर उभारले. ते चालायचे कोळशावर. म्हणजे प्रवाशांच्या डोळ्यांत जाणारे इंजिनाचे कण थांबले, पण कोळसा जळायचा थांबला नाही. तो आता ठाकुर्लीच्या चिमणीखाली जळू लागला. विजेच्या वाहनाबद्दल आज जो वाद घातला जातो, तो या पट्ट्याने शंभर वर्षांपूर्वीच प्रत्यक्ष पाहिला आहे.

कोळसा नको म्हणून पाण्याची वीज घेतली, तर तिचाही इतिहास आहे. मुंबईला वीज देण्यासाठी टाटा कंपनीने मुळशीला धरण बांधायला घेतले आणि १९२१ साली तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. त्याचे नेतृत्व करता करताच पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. शेतकरी तुरुंगात गेले, धरण झाले, भातखाचरे पाण्याखाली गेली. मुंबईच्या दिव्यांना धूर नव्हता. त्या दिव्यांची किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्या घरात मात्र तो दिवा पुढे कित्येक वर्षे लागला नाही.

आणि खुद्द शहाड? १९५०च्या दशकात इथे सेंच्युरी रेयॉन आली. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडमधून काढला की त्याचे रेशमासारखे चकचकीत सूत बनते. ते सूत देशभरच्या साड्यांत आणि अस्तरांत जाते. साडी नेसणाऱ्या बाईला कार्बन डायसल्फाइड म्हणजे काय हे कळायचे कारण नाही. शहाडच्या माणसाला ते शाळेत शिकवावे लागत नाही, वारा फिरला की कळते. २३ सप्टेंबर २०२३ला याच कारखान्यात टँकरचा स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. कारखान्याने हजारो घरांत चूल पेटवली, वसाहत उभी केली, आणि शेजारच्या बिर्ला मंदिरात आषाढीला विठ्ठलाच्या दर्शनाची रांग लागते, हेही तितकेच खरे. पण दुसऱ्याच्या सुखाचे मागचे टोक कसे असते, हे या गावाला कुणी सांगायला नको. म्हणूनच विजेच्या स्कूटरवर बसलेल्या शहाडकराला चंद्रपूरच्या वीजकेंद्राबद्दल विचारण्याचा अधिकार आहे आणि थोडी जबाबदारीही.

देशातली साधारण तीन चतुर्थांश वीज आजही कोळशातून येते. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचे. रात्री इमारतीच्या पार्किंगमध्ये स्कूटर चार्जिंगला लागली की तिचा धूर बराचसा विदर्भातल्या कुठल्या तरी चिमणीतून निघतो. राख तिथल्या अंगणात पडते.

जैन विचारात दोषाची तीन दारे सांगितली आहेत: स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि दुसऱ्याने केलेल्याला मान्यता देणे. कृत, कारित, अनुमोदित. पतंजलीच्या योगसूत्रांतही हिंसेचे हेच तीन प्रकार येतात. ही वर्गवारी केवळ साधूंसाठी आहे असे समजून आपण ती बाजूला ठेवतो, पण विजेच्या मीटरचा इतका अचूक नीतिशास्त्रीय हिशेब आधुनिक पुस्तकांतही क्वचित सापडेल. पेट्रोलची गाडी म्हणजे कृत: धूर आपल्याच नळीतून. विजेची गाडी म्हणजे कारित: धूर आपल्यासाठी, दुसऱ्याच्या हातून. आणि स्वतः गाडी न घेता ‘व्वा, प्रगती आहे’ म्हणणारा तिसऱ्या दारात उभा.

जैन साधूंमध्ये तर वीज हाच वादाचा विषय आहे. अग्नी हा त्यांच्या मते सजीव, अग्निकायिक जीवांचा समूह. मग वीज अग्नीत मोडते का? अनेक संप्रदाय हो म्हणतात आणि म्हणून साधू दिव्याच्या बटणालाही हात लावत नाहीत. तेरापंथाचे म्हणणे वेगळे, वीज अचित्त आहे. साबाथला विजेचे बटण दाबणे म्हणजे अग्नी पेटवणे ठरते का, यावर यहुदी धर्मपंडितांनीही विसाव्या शतकात पानेच्या पाने लिहिली. कोकणातले बेने इस्रायल यहुदी शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांनाही हा प्रश्न परका नाही. शहरी वाचकाला हा काथ्याकूट वाटेल. पण ‘जळते आहे की नाही’ हे डोळ्यांना दिसते त्यावर ठरवायचे की मुळाशी जाऊन, हाच तर विजेच्या गाडीचाही प्रश्न आहे.

बौद्धांचे उत्तर निराळे. मज्झिमनिकायातल्या उपालिसुत्तात नालंदेला हा वाद रंगतो. निर्ग्रंथांचे, म्हणजे जैनांचे म्हणणे, कायेने केलेले कर्म सर्वांत जड. बुद्ध विचारतो, संयमाने वागणारा निर्ग्रंथ चालता चालता पायाखाली बारीक जीव मारतो, त्याचे काय? निर्ग्रंथांचा गृहस्थ अनुयायी उपाली म्हणतो, ते जाणूनबुजून नसते, म्हणून मोठा दोष नाही. बुद्ध लगेच पकडतो: मग दोष ठरवले ते मनानेच ना? जैनांनीही हिशेब बाकी ठेवला नाही. सूत्रकृतांगात त्यांनी बौद्धांची थट्टा केली आहे: पेंडीचा गोळा समजून कुणी माणसाला भाल्यावर भाजले, किंवा दुधी समजून मुलाला, तर तुमच्या मते तो निर्दोष!

शहाडच्या पुलावर दोन्ही बाजू एकाच जागी येऊन पोहोचतात. हेतू मोजायचा तर स्कूटर घेणाऱ्याचा हेतू चांगला, निदान स्वस्ताईचा, आणि तो काही पाप नाही. परिणाम मोजायचा तर चंद्रपूरची राख आहेच. पण ‘माहीत नव्हते’ ही उपालीची सबब आता चालत नाही. वीज कुठून येते हे महावितरणच्या ग्राहकाला माहीत असते. ज्याला माहीत आहे त्याचा हेतू फक्त स्कूटरपुरता कसा राहील?

इथे गीतेच्या अठराव्या अध्यायातला अठ्ठेचाळिसावा श्लोक हमखास पुढे केला जातो. आग जशी धुराने वेढलेली, तशी सगळी कर्मे दोषाने वेढलेली असतात, म्हणून आपले कर्म सोडू नये, असा त्याचा आशय. दृष्टांत विषयाला इतका चपखल की मोह आवरत नाही. मात्र ‘सगळ्यातच दोष आहे’ याचा अर्थ ‘सगळ्यांत सारखाच दोष आहे’ असा काढणे ही लबाडी आहे आणि ती दोन्हीकडून होते. पेट्रोलवाला म्हणतो, तुमचीही गाडी कोळशावरच चालते. वीजवाला म्हणतो, दोषाविना काय असते?

दोष कमी-जास्त मोजता येतो. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेने २०२१ मध्ये कारखान्यापासून भंगारापर्यंतचा हिशेब मांडला. भारतात त्या वर्षी रस्त्यावर आलेल्या मध्यम आकाराच्या विजेच्या मोटारीचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन पेट्रोलच्या मोटारीपेक्षा १९ ते ३४ टक्के कमी निघाले. युरोपात हाच फरक ६६ ते ६९ टक्के. कारण सरळ आहे: तिथली वीज कमी कोळशाची. आपल्याकडेही फरक पडतो, कारण पेट्रोल इंजिनात इंधनाची बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते आणि विजेच्या मोटरमध्ये फार थोडी. शिवाय उद्या वीज सौर झाली तर आज घेतलेली स्कूटरही आपोआप स्वच्छ होत जाते. पेट्रोलच्या गाडीला ही सोय नाही.

पेट्रोलचे मागचे टोक तर मुंबईतच आहे. माहुलला तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत प्रकल्पग्रस्तांची घरे दिली गेली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तिथल्या हवेने आरोग्याला धोका असल्याचे नोंदवले, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्या कुटुंबांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा पंधरा हजार रुपये भाडे द्या, असे सांगावे लागले. पंपावर टाकी भरताना माहुल कुणाला आठवते?

बॅटरीचे टोक आणखी लांब आहे. जगातले बहुतांश कोबाल्ट काँगोतून येते, आणि तिथल्या खाणींत लहान मुले काम करतात हे अॅम्नेस्टीने २०१६ मध्ये जगापुढे मांडले. त्यानंतर लोह-फॉस्फेटच्या, कोबाल्ट नसलेल्या बॅटऱ्या पुढे आल्या. टाटांच्या नेक्सॉन ईव्हीत तीच असते. सगळ्याच गाड्यांत नसते. इथे ग्राहकाला खरोखर निवड आहे, आणि ती शोरूममध्ये एका प्रश्नावर होते.

घरगुती अडचणीही आहेतच. शहाड, उल्हासनगरच्या जुन्या चार मजली इमारतींत लिफ्ट नाही, पार्किंग नाही. काढता येणारी बॅटरी असली तर ती जिन्याने वर न्यायची. बदलापूरकर आणखी एक प्रश्न विचारतो: पाण्याचे काय? २६ जुलै २००५चा महापूर त्याने पाहिला आहे आणि २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेसही. आयपी ६७ दर्जाची बॅटरी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकावी अशी अपेक्षा असते. उल्हास नदी घरात शिरते तेव्हा अर्ध्या तासात परत जात नाही.

एवढे सगळे मोजल्यावर विजेच्या वाहनाच्या बाजूने सर्वांत वजनदार युक्तिवाद धुराचा उरतच नाही. तो बदलापूर-वांगणीच्या पुढे, नेरळवरून डोंगर चढला की माथेरानला भेटतो. तिथे मोटारींना बंदी, त्यामुळे हवा निर्मळ. आणि त्या निर्मळ हवेत माणूस माणसाला ओढत होता. लाल मातीच्या चढावर हातरिक्षा, पुढे जुंपलेला माणूस, मागून रेटणारे दुसरे, आत बसलेला पर्यटक. धुराचा दोष शून्य. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक ई-रिक्षांना परवानगी दिली. घोडेवाल्यांचा विरोध झाला. त्यांचे पोटही त्याच रस्त्यावर होते, त्यामुळे तो विरोध हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश दिला. ई-रिक्षा सरकारने विकत घ्याव्यात आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच भाड्याने द्याव्यात, हेही सांगितले.

पर्यावरणाच्या तराजूत माथेरानची ई-रिक्षा कदाचित उणेच ठरेल, कारण हातरिक्षेला वीजही लागत नव्हती. तरीही ती यायला हवी होती. निर्धूर असणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे, हे हातरिक्षेने दीडशेहून अधिक वर्षांच्या त्या गिरिस्थानात रोज दाखवले. यंत्राला पुण्य कशात आहे असे विचारले, तर कुणाच्या खांद्यावरचे ओझे उतरले हे आधी पाहावे, आणि मग ते कुठे जाऊन पडले हे.

ते पडण्याची एक जागा इथेच असू शकते. स्कूटरची बॅटरी काही वर्षांनी थकते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे ती परत गोळा करून पुनर्चक्रित करण्याची जबाबदारी उत्पादकाची. कागदावर चोख. पण उल्हासनगर हे गाळ्यांचे शहर आहे. फाळणीनंतर छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी शून्यातून इथे असे उद्योग उभे केले की ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा विनोद अजून चालतो. काहीही उघडून, सुटे करून, पुन्हा विकण्याची ही हिकमत कौतुकाची आहे. लिथियमच्या बॅटरीवर ती चालली तर आग आणि विष दोन्ही. आणि सांडपाणी कुठे जाणार हे ठरलेले आहे. अंबरनाथच्या शिवमंदिराला, शके ९८२च्या शिलालेखाला वळसा घालून येणारी वालधुनी. नोव्हेंबर २०१४ मध्ये याच नदीत कुणी तरी रसायन सोडले आणि वायूने गुदमरलेल्या शेकडो उल्हासनगरकरांना रुग्णालयात न्यावे लागले.

तेव्हा कारिताचा हिशेब मांडणाऱ्याने चंद्रपूर, काँगोबरोबर वालधुनीचे नावही वहीत लिहावे. पालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने भंगाराच्या गाळ्यांत लिथियम बॅटऱ्या उघडल्या जात आहेत का, हे आताच, ढीग लागण्याआधी पाहावे. आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर स्कूटर घेणाऱ्याने रेंज आणि सबसिडीबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: बॅटरीत कोबाल्ट आहे का, आणि थकलेली बॅटरी कोण, कुठे परत घेईल. दुसऱ्याचे उत्तर बिलावर लिहून मागता येते.