साखेचे वारस

बीडहून दक्षिणेस निघालेला रस्ता बालाघाटाचा चढ चढून मांजरसुंब्यास येतो आणि तेथे त्यास फाटे फुटतात. एक सोलापुराकडे जातो, एक केज-अंबाजोगाईकडे, एक पाटोद्याकडे. कार्तिकी पौर्णिमेस जवळच्या कपिलधारेला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनास जाणारे यात्रेकरू, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडीत घालून ऊसतोडीस निघालेली कुटुंबे, या दोहोंचाही हा मार्ग. अशा जागी दुकान मांडण्यास फारसे चातुर्य लागत नाही. परंतु एकच दुकान दोन पिढ्या चालावयाचे तर चातुर्याहून निराळे असे काहीतरी लागते. ते बापाकडून मुलास मिळते की मुलाने स्वतः मिळवावे लागते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

या फाट्यानजीक आमच्या चुलत्यांचे दुकान होते. घरात त्यांस आम्ही सर्व जण अण्णा म्हणत असू. किराणा, कापड, कंदिलाच्या काचा, पाट्या-पेन्सिली, कासरे-वेसणी, डोकेदुखीच्या गोळ्या, असे सर्व काही तेथे मिळे. याखेरीज तेथे आणखी एक व्यवहार चाले, त्याचा उल्लेख पाटीवर नव्हता. ऊसतोडीस जाणारी माणसे मुकादमाकडून मिळालेल्या उचलीपैकी थोडी रक्कम अण्णांपाशी ठेवून जात. फडावरच्या कोपीत पैसा सुरक्षित नसे, आणि घरी म्हाताऱ्या माणसांवाचून कोणी नसे. या ठेवीवर व्याज नव्हते आणि तिची पावतीही नव्हती. हंगाम संपला की माणसे येत, अण्णा पैसे काढून देत, आणि विषय संपे.

दोन वर्षांपूर्वी माघात अण्णा वारले. चैत्रात कारखान्यावरून परतलेली एक बाई दुकानात आली व म्हणाली की, आपले अकरा हजार रुपये अण्णांपाशी आहेत. वह्या धुंडाळल्या. तिचे नाव कोठेही नव्हते. अण्णांचे दोन्ही मुलगे पेचात पडले. आम्ही तेव्हा सुट्टीनिमित्त तेथेच होतो. धाकटा आम्हास म्हणाला, "दादा, तुम्ही कॉलेजात शिकवता, तुम्हीच सांगा. हिला दिले अन् उद्या आणखी दहा जण आले तर?"

प्रश्न सोपा नव्हता. आपल्या धर्मशास्त्रकारांनी त्याचा विचार केलेला आहे. मनूने जी अठरा व्यवहारपदे सांगितली आहेत त्यांत ऋणादान पहिले व निक्षेप, म्हणजे ठेव, दुसरे. यावरून या दोन गोष्टींची मातबरी ध्यानात यावी. पित्याचे ऋण फेडणे हा पुत्राचा धर्मच होय, असे शास्त्र सांगते. द्यूत व मद्यपान यांसारख्या व्यसनांपायी काढलेले कर्ज तेवढे त्यातून वगळते. हे कर्तव्य आमच्या न्यायालयांनीही दीर्घकाळ मान्य केले होते. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली जी दुरुस्ती झाली तिने ते पुढील कर्जांपुरते रद्द केले. आता केवळ पुत्रधर्माच्या आधारावर मुलाकडून बापाचे कर्ज वसूल करता येत नाही. मिळालेल्या मालमत्तेपुरतीच काय ती जबाबदारी उरते, आणि तीही पुराव्यानिशी. सारांश, कायदा धाकट्याच्या बाजूस होता. परंतु दुकानावरील पाटीस अण्णांचे नाव होते व ते काढावयाचा कोणाचाही विचार नव्हता. मालमत्ता कोठे संपते हे कायदा सांगू शकतो. नाव कोठे संपते हे त्यास सांगता येत नाही.

हा प्रश्न एका फाट्यावरील दुकानाचा दिसतो खरा; परंतु ज्या घराण्यांनी मोठ्या शहरांत सर्व वस्तूंची भांडारे चालविली, त्यांच्या इतिहासात तोच मोठ्या अक्षरांत लिहिलेला आढळतो. पॅरिस येथील बों मार्शे या दुकानात आरिस्तीद बुसिको हा १८५२ साली भागीदार झाला. प्रत्येक वस्तूस ठराविक किंमत, आणि न आवडलेला माल परत घेण्याची हमी, हे त्याच्या धंद्याचे मुख्य नियम. आज हे नियम आपणास इतके परिचित झाले आहेत की, त्यांतील नैतिक आशय आपल्या लक्षातही येत नाही. त्यापूर्वी भाव हा गिऱ्हाइकाचे तोंड पाहून ठरे. ओळखीच्यास एक व परक्यास दुसरा. ठराविक किमतीने परक्यास ओळखीच्याच्या पंक्तीस बसविले. जो न्याय पूर्वी दुकानदाराच्या स्वभावावर अवलंबून होता तो आता नियमावर अवलंबून राहिला, आणि स्वभाव वारसाने येत नसला तरी नियम येऊ शकतो. घराण्याने चालविलेल्या मोठ्या दुकानाचे रहस्य पुष्कळ अंशी यातच आहे.

आपल्याकडे या जातीचे नामांकित उदाहरण म्हणजे मुंबईचे अकबरअलीज. १८९७ साली स्थापन झालेले, खोराकीवाला घराण्याचे हे दुकान. हिंदुस्थानातील पहिले डिपार्टमेंट स्टोअर म्हणून त्याचा लौकिक झाला. फोर्टात जाऊन एकाच छपराखाली औषधापासून कापडापर्यंत सर्व खरेदी उरकावी व भावाची घासाघीस करू नये, ही रीत मुंबईच्या मध्यमवर्गीय कुटुंबांच्या अंगवळणी पाडण्यात अशा दुकानांचा वाटा मोठा. पुढे याच घराण्यातील हाबिल खोराकीवाला यांनी वोखार्ट ही औषधांची कंपनी काढली, आणि तिचे कारखाने आमच्या मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर येथे उभे राहिले. पाटीवर मात्र एका माणसाचे नावच राहिले. ज्यांनी त्या माणसास कधी पाहिले नाही अशा हजारो गिऱ्हाइकांनी त्या नावावर विश्वास ठेवून माल नेला. हा विश्वास कोणाच्या मालकीचा?

लंडनच्या हॅरड्सचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे. चार्ल्स हेन्री हॅरड याने १८४९ साली ब्रॉम्प्टन भागात वाण्याचे दुकान घातले. मुलगा चार्ल्स डिग्बी याने ते वाढविले. १८८३ च्या डिसेंबरात, ऐन नाताळाच्या तोंडावर, दुकान जळून खाक झाले. मुलाने गिऱ्हाइकांस कळविले की, माल पोहोचण्यास एखाद-दुसऱ्या दिवसाचा उशीर होईल. आणि त्याप्रमाणे सर्वांच्या मागण्या पुऱ्या केल्या. माल जळाला, साख जळाली नाही. उलट तीत भर पडली. परंतु त्याच मुलाने १८८९ साली धंदा विकून टाकला व त्याची सार्वजनिक कंपनी झाली. तेव्हापासून ते नाव एका हातातून दुसऱ्या हाती जात राहिले. २०१० साली ते कतारच्या हाती गेले. नाव विकले जाऊ शकते, हा या कथेचा एक बोध. परंतु ते विकण्याजोगे झाले ते आगीनंतरच्या त्या दिवसांत, जेव्हा त्याचा धनी ते विकत नव्हता, फेडत होता, हा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा बोध होय.

याहून पुढे गेला तो जॉन लुइस याचा मुलगा स्पेडन. बापाने १८६४ साली लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दुकान काढले. मुलाने हिशेब पाहिले तेव्हा त्यास आढळून आले की, बाप आणि दोन मुलगे मिळून जेवढे घेतात तेवढे दुकानातील शेकडो नोकरांच्या साऱ्या पगारांची बेरीजही होत नाही. ही गोष्ट त्याच्या मनास डाचत राहिली. बापाच्या मृत्यूनंतर १९२९ साली त्याने दुकान नोकरांच्या हितासाठी विश्वस्तांच्या स्वाधीन करण्याची व्यवस्था केली, आणि १९५० साली ती पूर्ण केली. गल्ला आपला असला तरी तो भरणारे हात आपले नाहीत, हे त्याने ओळखले. प्रत्येक वारसाने स्पेडनचे अनुकरण करावे असे आमचे म्हणणे नाही. तथापि वारसा हाती येताच 'मला काय मिळाले' याआधी 'मी कोणाचे देणे लागतो' असे त्याने विचारले, हे अनुकरणीय होय.

आता पुन्हा मांजरसुंब्यास येऊ. वरील उदाहरणांपैकी काही आम्ही चुलतभावांस ऐकविली आणि प्राध्यापकास शोभेल अशा गंभीरपणे सांगितले की, नाव ठेवावयाचे असेल तर पैसे द्या. द्यावयाचे नसतील तर पाटी उतरवा. बाई खोटे बोलत असेल तर? असेलही. परंतु ज्या व्यवहारात अण्णांनी पावती दिली नाही त्यात पावती नसल्याचा लाभ त्यांच्या मुलांनी घेणे हे न्याय्य नव्हे. संशयाचा तोटा, ज्याने कागद केला नाही त्याच्या बाजूने सोसला पाहिजे.

थोरला काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "देऊ, दादा. पण पैसे आमचे जातात अन् धर्म तुमचा होतो."

हे बोलणे आम्हास झोंबले, कारण ते खरे होते. आमचे वडील लवकर वारले. तेव्हाच्या औरंगाबादेत आमचे महाविद्यालयीन शिक्षण झाले. त्याची फी, वसतिगृहाचा खर्च, परीक्षेचे शुल्क, हे सारे त्याच गल्ल्यातून आले होते. ज्या रकमांना व्याज नव्हते व पावती नव्हती, त्या रकमा त्याच गल्ल्यात पडून असत. त्यांतील एखादी आमच्या पुस्तकांस कामी आली नसेलच असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. दुकानात आमचा वाटा कागदोपत्री नव्हता, म्हणून आम्ही स्वतःस वारस समजत नव्हतो; आणि वारस नसल्यामुळेच इतक्या निःस्पृहपणे न्याय सांगत होतो. दुसऱ्याच्या खिशातून औदार्य करणे ही शिकलेल्या माणसाची जुनी खोड आहे. आम्ही रकमेचे तीन भाग केले व एक आमच्याकडून दिला. यात औदार्य काही नव्हते. उशीर मात्र पुष्कळ झाला होता.

बाईने नोटा दोनदा मोजल्या. सहा हजार पदरात बांधले, आणि उरलेले पाच हजार पुन्हा थोरल्यापुढे ठेवले. म्हणाली, "अण्णाला कधी चिठ्ठी मागितली नाय. तुमी लिवून द्या, भाऊ."

थोरल्यास ते लागले. इतके करूनही हिचा विश्वास नाही, असे तो नंतर आम्हाजवळ म्हणाला. आम्हास तसे वाटले नाही. तिने पैसे ठेवले, हा विश्वासच होता. फक्त तो अण्णांच्या मुलांवर होता, अण्णांवर नव्हता, आणि म्हणून तो पहिल्या पायरीपासून सुरू होत होता. बापाचे देणे मुलाकडे आपोआप येते. बापाची साख येत नाही. ती ज्याची त्याने, चिठ्ठीपासून आरंभ करून, मिळवावयाची असते.

थोरल्याने गल्ल्यातून कागद काढला, तारीख घातली, रक्कम अक्षरी व अंकी लिहिली आणि खाली सही केली. अण्णांची नव्हे, स्वतःची.