वेडाचा कागद

पेपरात खुनाची बातमी आली आणि तिच्या शेवटच्या ओळीत 'आरोपीवर मानसोपचार सुरू होते' असं छापलेलं असलं, की कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या चहाच्या गाड्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आता येड्याचं सोंग घेणार आन् सुटणार बघ." पहिली पाळी सुटते, दुसरी आत जाते, त्या मधल्या वेळात चार माना डोलतात आणि विषय संपतो. हे वाक्य खटकतं, कारण त्यात दोन गोष्टी न तपासता धरलेल्या आहेत. सोंग वठवणं सोपं आहे ही एक, आणि सोंग वठलं की माणूस मोकळा होतो ही दुसरी. सोंगाशी आपल्या भाषेची जुनी ओळख आहे. वेड पांघरून पेडगावला जाणारे आपल्याला पक्के ठाऊक आहेत. पण वेड पांघरता येतं म्हणून वेड लागतच नाही, असं कुणी म्हणणार नाही. पांघरलेलं कुठलं आणि लागलेलं कुठलं हे ओळखायचं कसं, एवढाच प्रश्न उरतो. तो दीडशेहून अधिक वर्षं आपल्या न्यायालयांपुढे आहे.

कायद्याचा इतिहास बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. डॅनियल मॅकनॉटनने १८४३ साली लंडनमध्ये पंतप्रधान पील यांच्या चिटणिसाला, ड्रमंडला, गोळी घातली. ज्यूरीने वेडामुळे निर्दोष ठरवलं, गदारोळ झाला आणि न्यायाधीशांनी नियम बांधून दिले. १८६० च्या आपल्या दंड संहितेतलं कलम ८४ त्याच घराण्यातलं. १ जुलै २०२४ पासून ते न्याय संहितेचं कलम २२ झालं; आशय तोच राहिला. कृत्य करताना मनोविकलतेमुळे आपण काय करतोय हेच ज्याला कळत नव्हतं, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे कळत नव्हतं, त्याचं कृत्य गुन्हा नाही. यातला सगळा भार 'कळणं' या एका क्रियापदावर आहे. मराठी माणूस इथे अडखळायला हवा. 'कळतं, पण वळत नाही' हे आपण तंबाखू सोडू न शकणाऱ्याबद्दल बोलतो, भावाशी अबोला धरणाऱ्याबद्दल बोलतो. कळणं आणि वळणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि पहिलं शाबूत असताना दुसरं मोडू शकतं, हे आपल्या म्हणीला माहीत आहे. कलमाला मात्र दुसऱ्याशी देणंघेणं नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचा १८८६ चा एक निकाल कायद्याच्या पुस्तकांत अजून छापला जातो. लक्ष्मण दगडू नावाचा माणूस तापाने अंथरुणाला खिळला होता. घरात त्याची दोन लहान मुलं रडत होती. त्या रडण्याने तो वैतागला आणि त्याने दोघांनाही कुऱ्हाडीने मारलं. नंतर त्याने काहीही लपवलं नाही. सगळं कबूल केलं. बचाव असा होता, की तापाने तो चिडचिडा झाला होता, आवाज त्याला सहन होत नव्हता. पण तो भ्रमात होता, असं पुराव्यात दिसलं नाही. न्यायालयाने म्हटलं : आपण काय करतोय याची त्याला जाणीव होती, तेव्हा ते गुन्ह्याचं आहे याचीही जाणीव होती असंच धरावं लागेल, म्हणून तो खुनाचा दोषी. कळत होतं, विषय संपला. पोटच्या पोरांवर कुऱ्हाड उचलणाऱ्या त्या हाताला वळणं उरलं होतं का, हे विचारायला कायद्यात जागाच नव्हती. या निकालाकडे पाहिलं की वाटतं, कलमात 'वळणं' घाला. अन्याय तिथेच आहे.

इथे गाड्यावरचा वादी उठून उभा राहील. तो म्हणेल, एवढ्याशा फटीतून एवढे सुटतात, ती आणखी रुंद करा म्हणजे झालंच. त्याच्या निम्म्या म्हणण्याला उत्तर सोपं आहे. 'सुटतात' हा शब्दच चुकीचा आहे. मॅकनॉटन निर्दोष ठरला आणि उरलेलं सगळं आयुष्य, १८६५ मध्ये मरेपर्यंत, वेड्यांच्या इस्पितळात बंद राहिला. आपल्याकडेही या कारणाने निर्दोष सोडताना कृत्य त्याच्या हातून घडलं का हे न्यायालयाला नोंदवावं लागतं, आणि घडलं असेल तर त्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याची किंवा हमीवर नातलगांकडे सोपवण्याची व्यवस्था करावी लागते. सोंगाचंही तसंच. वेडाचा बचाव सिद्ध करण्याचा भार पुरावा कायद्याने आरोपीवरच टाकला आहे. तो दिवाणी दाव्यात लागतो तेवढ्याच वजनाचा असावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली गुजरातच्या एका खटल्यात स्पष्ट केलं. तरी ज्या खटल्यात हे सांगितलं, त्यातल्या आरोपीचा बचाव फेटाळलाच गेला. फट अरुंदच आहे.

त्याच्या दुसऱ्या निम्म्याला मात्र उत्तर देता येत नाही. 'वळत नव्हतं' हे कोण म्हणू शकणार नाही? बायकोच्या चारित्र्यावर संशय घेऊन कोयता उचलणारा म्हणेल, राग आवरला नाही. बांधावरून चुलतभावाचं डोकं फोडणाराही तेच म्हणेल. पुरावा कायद्याचा मसुदा करणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे कडक माणूस, पण आजाराने स्वतःवरचा ताबाच नष्ट झाला असेल तर शिक्षा नको, असं त्यांनीही १८८३ च्या आपल्या इतिहासग्रंथात मांडलं. त्यांची अट 'आजाराने' ही आहे, आणि सगळं तिथेच येऊन थांबतं. रागाने न वळणं आणि आजाराने न वळणं यातला फरक त्या क्षणाकडे पाहून कळत नाही. तो कळतो आधीच्या महिन्यांवरून आणि नंतरच्या दिवसांवरून. लक्ष्मण दगडूचा ताप, चीड आणि कबुली एवढंच समोर असताना 'वळणं' शब्द कलमात असता तरी निकाल फार बदलला नसता. हे मान्य करताना जड जातं, कारण सुरुवात उलट्या बाजूने झाली होती.

दोन खटले शेजारी ठेवले की गोष्ट आणखी उघडी पडते. महाराष्ट्रातल्याच एका पोलीस शिपायाने एप्रिल १९९४ मध्ये कपडे धूत असलेल्या बायकोच्या डोक्यात वाटण्याचा दगड घातला. दिवसाउजेडी, पळणं नाही, लपणं नाही. कारण काय, तर तो नोकरी सोडायला निघाला होता आणि ती नको म्हणत होती. खालच्या न्यायालयांनी दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली कलम ८४ खाली निर्दोष ठरवलं. त्या दिवशी त्याच्या मनात काय होतं, हे पाहायला न्यायालयही आत शिरू शकत नव्हतं. पण वडिलांना मानसिक आजार होता, १९९२ पासून त्याच्यावर स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते, आणि २७ जून ते ५ डिसेंबर १९९४ या काळात त्याला २५ वेळा इस्पितळात न्यावं लागलं होतं. हे सगळं नोंदलेलं होतं. दुसरा रामन राघव, मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्यांना ठेचून मारणारा, १९६८ मध्ये पकडलेला. त्याच्यामागे घर नव्हतं, केसपेपर नव्हता. पोलीस सर्जनच्या तपासणीत तो वेडा ठरला नाही. बचावाचे डॉक्टर उलट सांगत होते. १९६९ मध्ये फाशी सुनावली गेली. मग उच्च न्यायालयाच्या आदेशाने मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ बसलं. आपण 'कानून'चे प्रतिनिधी आहोत, असं तो त्यांना सांगत होता. फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली १९८७ मध्ये. आजार बहुधा दोघांचा एकाच जातीचा. एकाच्या आजाराचा कागद आधीपासून तयार होता, दुसऱ्याचा गळ्याभोवती फास आल्यावर लिहिला गेला.

कागदाची दुसरी बाजू कोल्हापूरला सांगायला नको. लक्ष्मण दगडूच्या निकालाआधी चारच वर्षं, १८८२ मध्ये, टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. इथल्या महाराजांचा, चौथ्या शिवाजींचा, दिवाण माधवराव बर्वे छळ करतात, अशा अर्थाची पत्रं त्यांनी छापली होती आणि ती बनावट निघाली. पण पत्रं खोटी होती म्हणून महाराजांचं दुःख खोटं नव्हतं. सरकारने त्यांना वेडे ठरवलं होतं. नगरच्या किल्ल्यात, २५ डिसेंबर १८८३ ला, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते गेले. वेडाचा शिक्का दुसऱ्याच्या हातात असला की तो माणसाला वाचवतो तसा संपवतोही. म्हणून कागद हवा म्हणताना तो कोण लिहितो आणि कशासाठी, हेही विचारायला हवं.

आता शिरोलीकडे या. इथल्या फाउंड्रीत ओतलेल्या प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर उठवलेला असतो. वाळूत ओलावा जास्त राहिला, गॅसला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की आत ब्लोहोल राहतं. वरून कास्टिंग गुळगुळीत दिसतं; मशीनवर चार मिलिमीटर सोललं की खड्डा उघडा पडतो. मग हीट नंबरवरून रजिस्टर काढतात : रस कोणत्या भट्टीचा, ओतताना तापमान किती, त्या दिवशीच्या वाळूची चाचणी काय सांगते. लोखंड आतून कुठे बिघडलं हे महिन्यांनंतरही शोधता येतं. तो रस ओतणारा ठेकेदाराचा माणूस बिहारचा किंवा ओडिशाचा, नागाव-शिरोलीत एका खोलीत सहा जणांत राहणारा. त्याला तीन आठवडे झोप नाही, कोणीतरी जेवणात काही कालवतंय असं त्याला वाटतं, हे खोलीतल्या पाच जणांना दिसतं. ते म्हणतात "इसका दिमाग फिर गया है" आणि पाळीला जातात. उद्या त्याच्या हातून काही घडलं, तर या तीन आठवड्यांची नोंद कुठेच नसेल. तपासात वेडाचा पूर्वेतिहास पुढे आला तर आरोपीची लगेच वैद्यकीय तपासणी करणं हे प्रामाणिक तपास अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. पण तो पुढे आणणार कोण? त्याची आई दीड हजार किलोमीटरवर आहे.

म्हणून कलमातल्या क्रियापदाची मागणी बाजूला ठेवून जास्त साधी गोष्ट मागावीशी वाटते. अटक झालेल्याची लगेच वैद्यकीय तपासणी करायची, हे कायद्यात आजही आहे. त्या फॉर्मवर अंगावरच्या जखमा लिहितात. खुनाच्या प्रत्येक आरोपीसाठी त्याच कागदावर आणखी चार ओळी असाव्यात : किती दिवस झोप नाही, आवाज ऐकू येतात का, कोणी जिवावर उठलंय असं वाटतं का, आधी कुठे औषध चालू होतं का. विचारणारा पोलीस नसावा, डॉक्टर असावा, आणि आरोपीची भाषा समजणारा कोणी त्याच्या शेजारी असावा. आठ दिवसांनी मानसोपचारतज्ज्ञाने पुन्हा भेटावं आणि तेही लिहून ठेवावं, आरोपीने मागितलं असो वा नसो. सोंग घेतलेलं असेल तर ते या दोन भेटींच्या नोंदीत पकडलं जाण्याची शक्यता तीन वर्षांनी उभ्या राहणाऱ्या साक्षीपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे गाड्यावरच्या वाद्यानेही याला हरकत घेऊ नये.