खांब फुटल्यानंतर

झाशी जिल्ह्यातल्या एरचला बेतवेच्या काठी उभे असताना एका नाटकवेड्या प्राध्यापक मित्राने सहज म्हणून वाक्य टाकलं, ते अजून सलतंय. "ही गोष्ट ग्रीकांच्या हाती लागली असती तर शोकांतिका झाली असती. आपण तिची होळी केली."

एरचचे लोक आपलं गाव हिरण्यकश्यपूची राजधानी मानतात. होलिका इथेच जळाली, असं सांगतात. त्यांच्याशी वाद नाही. वाद मित्राशी. त्याचं म्हणणं ओळखीचं आहे: अथेन्समध्ये डायोनायसस देवाच्या उत्सवात नाटकं झाली, तिथून सेनेका, शेक्सपिअर, रासीन, थेट ओनील. भरतमुनी विरुद्ध अ‍ॅरिस्टॉटल हा सामनाही कॉलेजात असताना खेळून झालाय.

पण ही वंशावळ वाटते तितकी सरळ नाही. स्थळाची एकता हा 'ग्रीक नियम' अ‍ॅरिस्टॉटलने सांगितलेलाच नाही. तीन एकतांचा दंडक १५७० मध्ये कास्तेल्व्हेत्रो या इटालियन भाष्यकाराने घालून दिला आणि फ्रेंचांनी तो शिरोधार्य मानला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्सच्या काही मंडळींना वाटलं, ग्रीक नट सगळं नाटक गाऊनच करत. तसं करायला गेले आणि ऑपेरा जन्माला आला. पूर्वजांचा इतका फलदायी गैरसमज दुसरा नसेल. या सगळ्यात हातचं निसटलं ते कोरस. रंगमंचावर उभा असलेला, शेवट ठाऊक नसलेला जमाव.

माझा जुना लाडका भेद इथेच आहे. एक नाटक सांगतो तो, ज्याला शेवट माहीत आहे. दुसरं सोसतात ते, ज्यांना माहीत नाही. आपला सूत्रधार पहिल्या जातीचा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा कथा सूत्रधार गात होता आणि पात्रं तिच्या आधाराने वावरत होती. राक्षस 'अलल डुर्र' करत कितीही थयथयाट करो, तो मरणार हे गाणाऱ्याला पक्कं ठाऊक. मग भीती वाटणार कुणाला?

इथवर मी मित्राला खोडून काढत होतो. पुढे अडलो ते युरिपिडीसच्या 'बॅकी'पाशी. इ.स.पू. ४०५च्या सुमाराचं नाटक. गोष्ट जवळजवळ एरचचीच: राजा पेन्थियस देवाला देव मानत नाही, आणि देव त्याचा सूड घेतो. राजाला फाडते ती उन्मादात गेलेली त्याची स्वतःची आई, अगावे. हातातलं मुलाचं डोकं तिला सिंहाचं वाटतं! आपल्याकडे सिंह बापाला फाडतो, तिथे आई मुलाला सिंह समजून फाडते. आणि इथला कोरस तटस्थ नाही, देवाच्याच भक्त बायकांचा आहे. तरी अगावे त्यांना मेजवानीला बोलावते तेव्हा त्याही कचरतात.

(या नाटकाचा एक प्रयोग प्लुटार्कने नोंदलाय. इ.स.पू. ५३ मध्ये पार्थियनांनी रोमन सेनापती क्रॅससला मारलं. त्याचं मुंडकं दरबारात आलं तेव्हा तिथे एक ग्रीक नट होताच. त्याने ते उचललं आणि अगावेचं गाणं म्हटलं. प्रेक्षक खूश.)

फाडाफाडी निरोप्याच्या तोंडून कळते, दिसत नाही. दिसतं ते नंतरचं. म्हातारा बाप कॅडमस लेकीला हळूहळू शुद्धीवर आणतो. आभाळाकडे बघ. पूर्वीसारखंच दिसतंय का? तुझं लग्न कुणाच्या घरात झालं? मुलाचं नाव काय? आणि आता हातात कुणाचं डोकं आहे?

आपल्याकडे हे 'नंतर' नाही, असं मित्र म्हणेल; आणि रंगमंचापुरतं ते खरंही आहे. तमिळनाडूत तंजावरजवळच्या मेलत्तूरला भागवत मेळ्यात 'प्रह्लादचरित्र' होतं, नृसिंहाच्याच उत्सवात. नृसिंहाचा मुखवटा पुजलेला असतो, तो घालणारा उपास करतो. अंगात आलं की त्याला धरून ठेवायला माणसं लागतात, नाहीतर हिरण्यकश्यपू झालेल्या नटाची धडगत नाही. डायोनायससच्या पुजाऱ्याला अथेन्सच्या नाट्यगृहात पहिल्या रांगेत मानाची जागा होती. तो इथे परका वाटला नसता. पण देव प्रकटला की आपली नजर देवावरच खिळते.

मात्र भागवताच्या सातव्या स्कंधात देव प्रकटून गोष्ट संपत नाही. प्रह्लाद बापासाठी देवाकडे क्षमा मागतो आणि देव त्याला बापाचं और्ध्वदेहिक करायला सांगतो. म्हणजे ग्रीकांकडून काही उसनं आणायची गरज नव्हती; पोथीतलं आपणच रंगमंचावर आणलं नाही. मित्र चूक आहे असं म्हणायला निघालेला मी आता एवढंच म्हणतो, की दोष गोष्टीचा नाही, खांब फुटताच आरती उरकणाऱ्या आमच्या नाटकमंडळींचा आहे. प्रह्लादाच्या आईला, कयाधूला, नवऱ्याच्या प्रेतापाशी आणि मुलाच्या राज्याभिषेकाला एकाच अंकात उभं करावं लागेल, आणि सूत्रधाराला सांगावं लागेल, बाबा रे, हा अंक तू गायचा नाहीस.