प्रतिशिवाजी

शत्रू उघड असला म्हणजे मनाला बरे असते. कोणाचा राग करावयाचा ते ठरलेले असते. इतिहासाच्या तासाला अफझलखान आला की रत्नागिरीच्या आमच्या शाळेतला वर्ग एकदिल होतो. घोटाळा होतो तो नेताजी पालकर आल्यावर.

शिवाजी महाराजांच्या या सरनौबताला लोक 'प्रतिशिवाजी' म्हणत. १६६६ च्या आरंभी महाराजांनी पन्हाळ्यावर छापा घातला, तेव्हा तो वेळेवर पोहोचला नाही. छापा फसला, माणसे पडली. महाराजांनी त्याला पदावरून दूर केले. तो विजापूरकरांना मिळाला, मग मिर्झाराजे जयसिंगाला. महाराज आग्र्याहून निसटले आणि औरंगजेबाने नेताजीला कैद केले. १६६७ त त्याचा महंमद कुलीखान झाला व त्याची रवानगी काबूलकडे झाली. १६७६ त तो परत आला, आणि महाराजांनी त्याला स्वधर्मात घेतले.

मुले हल्ली अमेरिकन चित्रकथाही वाचतात. १९४१ साली अवतरलेला त्यांचा कॅप्टन अमेरिका राष्ट्रध्वजाचे रंगच अंगावर वागवतो. रेड स्कल हा त्याचा उघड वैरी. परंतु १९७२ च्या कथांत त्याच्यापुढे तोच वेष आणि तेच बळ असलेला दुसरा माणूस उभा केला आहे. देशप्रेमाच्या नावाखाली द्वेषाने पिसाट झालेला. वैरी नायकाच्या मनगटाची परीक्षा पाहतो, प्रतिरूप त्याच्या विवेकाची. नेताजीने ती परीक्षा घेतली, ती परत येऊन.

एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, पन्हाळ्याला जे मेले, त्यांच्या घरच्यांना विचारले होते का?" प्रश्न बिनतोड होता. मेलेल्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार राजालाही नसतो, असे मीही मानतो. पण महाराजांनी काय दिले आणि काय दिले नाही, हे नीट पाहावे. घर दिले. सरनौबती मात्र हंबीरराव मोहित्यांकडे होती, ती त्यांच्याकडेच राहिली. माणसाला परत घेणे आणि त्याच्या हातून घडलेले पुसून टाकणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली नाकारली तर आपण क्रूर होतो. दुसरी केली तर मेलेल्यांशी बेइमान होतो.

'देशद्रोही' हा शब्द आज फार स्वस्त झाला आहे. तो एकदा कपाळी मारला की त्या माणसाला परतायला वाट उरत नाही, आणि आपल्यालाही विचाराचे श्रम उरत नाहीत. म्हणून जिंकलेल्या गडांच्या यादीबरोबर नेताजीचे हे परतणेही मी मुलांना शिकवतो.