‘आमची’ म्हणण्याचा अधिकार

शोभना समर्थ यांनी १९५० साली स्वतः निर्माण आणि दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाचे नाव होते ‘हमारी बेटी’. त्याची नायिका त्यांची थोरली मुलगी नूतन. तिचे वय तेव्हा चौदाच्या आसपास. धाकटी तनुजाही त्यात लहान मुलीच्या कामाला होती. चित्रपटांची नावे व्यापाराच्या सोयीने ठेवलेली असतात, त्यांत फार खोल पाहू नये, हे मला कळते. तरी या नावातला ‘हमारी’ हा शब्द मनातून जात नाही. हा शब्द कोणाच्या तोंडचा? आईच्या, दिग्दर्शिकेच्या, की तिकीट काढून आत बसलेल्या प्रेक्षकाच्या?

शोभनाबाई म्हणजे माहेरच्या सरोज शिलोत्री. १९३५ च्या ‘विलासी ईश्वर’पासून त्या पडद्यावर होत्या, पण लोकांच्या मनात त्या बसल्या विजय भट्टांच्या १९४३ च्या ‘रामराज्य’मधली सीता म्हणून. गांधीजींनी पाहिलेला चित्रपट म्हणून त्याची कीर्ती आणखी वाढली. प्रेम अदीब आणि शोभनाबाई यांच्या राम-सीतेच्या छबी कॅलेंडरांवर छापल्या गेल्या, घरोघर लागल्या. औरंगाबादेत गुलमंडीवरच्या एका दुकानात तशी एक तसबीर मी लहानपणी पाहिली आहे. तिच्यापुढे उदबत्ती लावलेली असे. असली पूजा बाहेरून सन्मानाची दिसते, पण तिच्यात एक प्रकारची जप्तीही असते. चेहरा आपला, पण त्या चेहऱ्याने कसे वागावे हे भिंतीवर खिळा ठोकणारा ठरवतो. अशा स्त्रीने कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभे राहावे यात मला नुसते धाडस दिसत नाही, सुटका दिसते.

ही वाट त्यांच्या आधी फात्मा बेगम चालून गेल्या होत्या. नटी म्हणून नाव झाल्यावर त्यांनी १९२६ मध्ये ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. त्यांच्याही मुली पडद्यावर आल्या. त्यांतली झुबेदा १९३१ च्या ‘आलम आरा’ची नायिका. तिकडे स्पेनमध्ये आना मारिस्काल ही गाजलेली नटी १९५३ साली दिग्दर्शनाकडे वळली, तेव्हा तिने माद्रिदच्या रस्त्यांवर भटकणारा एक भोळा मनुष्य आणि एक उनाड पोर यांची गोष्ट सांगितली. म्हणजे कॅमेरा हाती आल्यावर तिची नजर रस्त्याकडे गेली. शोभनाबाईंची नजर घराकडे वळली. यात कमीजास्त काही नाही. मात्र घराकडे वळणाऱ्या नजरेपुढे एक प्रश्न उभा राहतो, जो रस्त्याकडे पाहणाऱ्यापुढे येत नाही.

दिग्दर्शकाला नटी ‘नाही’ म्हणू शकते. निदान तसा मार्ग तिला असतो. करार मोडता येतो, दुसऱ्या कंपनीत जाता येते. आईला चौदा वर्षांची मुलगी ‘नाही’ कशी म्हणणार? तिचा होकार खोटा असतो असे नव्हे. तो मनापासूनचा असतो, आनंदाचाही असतो. पण तो ज्या मनातून येतो ते मन अजून त्या आईच्याच पदराखाली वाढत असते. ‘हमारी बेटी’च्या पुढच्याच वर्षी ‘नगीना’ लागला. त्याला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले होते, आणि वय कमी म्हणून नायिकेलाच, म्हणजे नूतनला, दरवानाने आत सोडले नाही, असे सांगतात. जिला पडद्यावर ठेवायला कोणाची हरकत नव्हती, तिने तो पडदा पाहण्याला कायद्याची हरकत होती. ही हकीकत लोक गंमत म्हणून सांगतात. मला त्यात हसू येत नाही.

पण येथे एक अन्याय टाळला पाहिजे. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये मुलगा भालचंद्र याला रोहिदास केले आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनीला कृष्ण केले. ती तर किती लहान! त्याबद्दल आपण त्यांना जाब विचारत नाही. उलट घरदार कलेला वाहिले म्हणून गौरव करतो. गवयाने मुलाला पहाटे उठवून तंबोऱ्यापाशी बसवले तर ती साधना, आणि नटीने मुलीला कॅमेऱ्यापुढे उभे केले तर ती महत्त्वाकांक्षा! प्रश्न विचारायचा तर दोघांनाही विचारला पाहिजे.

यावर हमखास येणारे उत्तर असे, की फळ तर चांगले आले ना? ‘सीमा’, ‘सुजाता’, ‘बंदिनी’ ही नावे घेतली की वाद संपावा असा समज आहे. ‘बंदिनी’तली नूतन मी पुनःपुन्हा पाहिली आहे, आणि ती नसती तर आपण गरीब झालो असतो हे मान्य करतो. पण मागाहून आलेले यश मागच्या निर्णयाला संमती मिळवून देत नाही. आमच्या वेरूळचे कैलास लेणे माथ्यापासून खाली कोरत आणले आहे. त्या कामात एकदा उतरवलेला दगड परत बसवता येत नाही, आणि पाथरवटाला तेवढा अधिकार असतो, कारण दगडाला दुसरे काही व्हायचे नसते. मुलीला होते की नव्हते, हे कोणी विचारलेले नसते.

दोष मी आईच्या इच्छेत पाहत नाही. तो ‘हमारी’ या शब्दाच्या ऐसपैसपणात पाहतो. घरात हिशेब लिहायचा नसतो, तो लिहिला तर घर घर राहत नाही. कंपनीत तो न लिहिला तर अन्याय होतो. दोन्ही एकाच हाती आली की माया हिशेबावर पांघरूण घालते आणि हिशेब मायेला खाऊ लागतो. या मायलेकींचा पैशांवरचा वाद पुढे कोर्टापर्यंत गेला, वर्षानुवर्षे बोलणे नव्हते, नंतर समेट झाला. कोण बरोबर हे ठरवायला मी बसलेलो नाही. पण जिच्या हाती दोन सत्ता आहेत तिने त्यांतली एक वेळीच खाली ठेवावी, असे मला वाटते, आणि हे सोपे नाही हेही कळते.

१९६० मध्ये शोभनाबाईंनी ‘छबीली’ दिग्दर्शित केला, तो तनुजाला नायिका म्हणून पुढे आणण्यासाठी. त्यात नूतनही होती. मधल्या दहा वर्षांत ती इतरांच्या हाताखाली मोठी झाली होती, लग्न झाले होते, आता ती चोवीस वर्षांची होती. स्नेहल भाटकरांच्या संगीतात तिने त्या चित्रपटासाठी स्वतःच्या आवाजात गाणेही म्हटले. त्या वेळी मात्र आईने विचारले असेल आणि मुलीने विचार करून हो म्हटले असेल, अशी माझी समजूत आहे.